बासनातील संहिता : संपीडित फायली, प्रतिपरंपरा आणि निर्मूलनाचा अधिकार

वाङ्मयेतिहासाच्या साधनांची चर्चा आपल्याकडे प्रायः उपलब्ध साधनांपुरती मर्यादित राहिली आहे. कोणती हस्तलिखिते सापडली, कोणता पत्रव्यवहार छापला गेला, कोणत्या नियतकालिकांचे अंक कोठे पाहावयास मिळतात, हे आपण सांगतो. जे उरले नाही ते कोणत्या कसोटीने गेले, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. आग, वाळवी, पूर आणि रद्दीवाला ही कारणे देऊन आपण मोकळे होतो. परंतु गेल्या तीसपस्तीस वर्षांत लेखनाचे साधनच पालटल्यामुळे नाशाचे एक नवे व अत्यंत घरगुती रूप अस्तित्वात आले आहे. लेखक, संपादक, अनुवादक, किंवा त्यांच्या पश्चात त्यांची मुले, एखाद्या सुटीच्या दिवशी घरच्या संगणकासमोर बसतात आणि जुन्या फायलींपैकी काय ठेवावे व काय पुसावे हे ठरवतात. या निर्णयाला साक्षीदार नसतो, त्याची नोंद होत नाही, आणि त्याची राखही मागे उरत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा निर्णय आहे. त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या फायलींसंबंधीचा. या फायली म्हणजे दाबून, गठ्ठा बांधून ठेवलेल्या, अर्थात संपीडित फायली. व्यवहारात ज्यांना आपण सरसकट 'झिप' म्हणतो त्या.

साफसफाईत या फायलींचा बळी प्रथम जातो. त्याची कारणे सरळ आहेत. संपीडित फाइल उघडल्यावाचून वाचता येत नाही, त्यामुळे तिच्याविषयीचा निर्णय मजकुरावरून न होता नावावरून होतो. आणि नावे तर विलक्षण दरिद्री असतात. डॉसच्या काळात फाइलच्या नावाला टिंबाआधी आठ व टिंबानंतर तीन एवढीच अक्षरे मिळत. विंडोज ९५ आल्यावर ही अट सैल झाली. 'दिवाळी९६' हे नाव रोमन लिपीत लिहिले तर बरोबर आठ जागा भरतात, म्हणून ते सुदैवी. 'अनुवाद दुसरा खर्डा', 'आईची पत्रे' यांचे काय होत असेल याची कल्पना करावी. स्वर गाळलेले, टोके छाटलेले, पुढे एखादा आकडा चिकटवलेले हे शब्द वीस वर्षांनी ते ठेवणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. दुसरे असे की, गठ्ठ्यातील फायली कधीतरी बाहेर काढलेल्या असतात आणि शेजारच्या फोल्डरमध्ये त्या उघड्या दिसत असतात. मग गठ्ठा ही केवळ द्विरुक्ती ठरते. शिवाय ज्या निकडीपोटी हे गठ्ठे बांधले गेले ती निकड आता उरलेली नाही, म्हणून ते कालबाह्य भासतात.

यांपैकी दुसरे कारण सर्वांत सयुक्तिक वाटते आणि, माझ्या मते, तेच सर्वांत घातक आहे. गठ्ठा ही उघड्या फायलींची प्रत आहे असे आपण गृहीत धरतो. मराठीतील १९८५ ते २००५ या सुमाराच्या लेखनाबाबत वस्तुस्थिती बहुधा उलट असते. गठ्ठा हा आदर्श असतो आणि उघडी फाइल ही त्याची, अनेकदा भ्रष्ट झालेली, प्रत असते. हे दाखवण्यासाठी गठ्ठा बांधण्याच्या तंत्राचा इतिहास थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावत असे. टेलिफोनच्या तारेवरून फाइल पाठवायची तर प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत. तेव्हा मजकूर लहान करणे ही चैन नव्हती. मजकूर लहान कसा होतो याचे सैद्धांतिक उत्तर क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधात आहे. भाषेत जे पूर्वअंदाजाने कळू शकते ते अतिरिक्त असते, आणि अतिरिक्त ते गाळूनही संदेश पूर्ववत करता येतो. १९५२ साली डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड व विरळ येणाऱ्या चिन्हास लांब संकेत देण्याची रीत मांडली. १९७७ आणि १९७८ साली जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल या इस्रायली संशोधकांनी वेगळा मार्ग दाखवला. त्यांच्या पहिल्या रीतीचे वर्णन मराठी वाचकाला परके वाटू नये. मजकुरात आधी येऊन गेलेला अक्षरसमूह पुन्हा आला की तो पुन्हा लिहायचा नाही; 'इतके मागे जा आणि इतकी अक्षरे उचल' एवढीच खूण करायची. अभंगाच्या वहीत ध्रुपद एकदा लिहून पुढे प्रत्येक कडव्याअखेर केवळ '॥ध्रु॥' लिहिणारा लेखनिक नेमके हेच करीत होता. पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्याची गोष्ट किंचित निराळी. तो पत्रात मागे बोट दाखवीत नाही. लिहिणारा व वाचणारा या दोघांजवळ एकच कोश आहे, यावर तो विसंबून असतो.

पाणिनीच्या अनुवृत्तीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत अध्याहृत धरावयाचे, हे लाघव जितके मोठे तितकीच त्यातील जोखीम मोठी. मधले एक सूत्र हरवले तर पुढची कित्येक निराधार होतात. संपीडित फायलींतही असे दोन स्वभाव आढळतात. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते. एकीला कीड लागली तरी शेजारची शाबूत राहते. रार किंवा सेव्हन-झिप यांच्या 'सॉलिड' गठ्ठ्यात मात्र सगळ्या फायलींचा एकच प्रवाह केलेला असतो. तेथे गठ्ठा लहान होतो खरा, परंतु मध्ये बिघाड झाला की पुढचे सारे धोक्यात येते.

आता झिपची जन्मकथा. १९८५ साली सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या अमेरिकन संस्थेने 'आर्क' नावाची आज्ञावली प्रसृत केली व तिची मूळ संहिता लोकांस पाहण्यास खुली ठेवली. मिलवॉकीच्या फिल कात्झ या तरुणाने तिच्याशी जुळणारी परंतु पुष्कळच वेगवान अशी 'पीकेआर्क' तयार केली. १९८८ साली दावा दाखल झाला. दोन्ही संहितांची तुलना करण्यास नेमलेल्या तज्ज्ञाने पीकेआर्क ही आर्कपासून निघाली असल्याचा निर्वाळा दिला. त्याच्या कारणांपैकी एक असे की, दोन्ही संहितांमधील टिपा अनेक ठिकाणी एकसारख्या होत्या, आणि त्यांतील शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच होत्या. लाखमानच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही पाठचिकित्सकाला हे वाचून घरी आल्यासारखे वाटेल. समान दोष हे समान उगमाचे प्रमाण, हा एकोणिसाव्या शतकातील पाठचिकित्सेचा मूलाधार एका आज्ञावलीच्या खटल्यात जसाच्या तसा उपयोगी पडला. खटला तडजोडीने मिटला. कात्झ यांनी आर्कचा मार्ग सोडला आणि १९८९ साली स्वतःची नवी रचना आणली; तीच झिप.

कात्झ यांचे खरे ऐतिहासिक कर्तृत्व वेगात नाही. झिपची अंतर्रचना कशी आहे याचे वर्णन त्यांनी जाहीर करून टाकले व ती कोणासही वापरण्यास मुभा दिली, यात ते आहे. याच सुमारास टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये मांडलेली रीत एकस्वाच्या कचाट्यात होती. ते एकस्व युनिसिस कंपनीकडे होते, आणि १९९४ च्या अखेरीस जिफ चित्रांच्या संदर्भात तिने शुल्काची मागणी पुढे केल्यावर मोठा गदारोळ झाला. १९९३ मध्ये झिपच्या दुसऱ्या आवृत्तीत आलेली 'डिफ्लेट' ही रीत झिव्ह-लेम्पेल व हफमन यांचा मेळ घालणारी होती, आणि १९९६ साली तिचे वर्णन सार्वजनिक प्रमाणपत्रकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. याचा परिणाम असा की, १९८९ सालचा झिप गठ्ठा आजही सहज मिळणाऱ्या साधनांनी उघडता येतो. त्याच काळातील मांडणीच्या आज्ञावलींत केलेल्या फायलींबद्दल असे म्हणता येत नाही. कात्झ १४ एप्रिल २००० रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, मद्यासक्तीने खचून एका हॉटेलच्या खोलीत वारले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे मात्र प्रत्येक झिप फाइलच्या आरंभी अद्याप असतात. वर्डची २००७ नंतरची फाइल आणि इपब पुस्तक हीही आतून झिपच असल्यामुळे, आज लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या दोन चिन्हांत, लेखकाच्या नकळत, हा मनुष्य सही करीत असतो.

सिद्धांताच्या अंगाने येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संपीडन म्हणजे सारांश नव्हे. झिपमधून बाहेर आलेला मजकूर काना-मात्रेसह पूर्वीचाच असतो. युरी लोटमन यांनी १९७० च्या कलाकृतीच्या संरचनेवरील ग्रंथात कोल्मोगोरोव्हच्या विचारांचा आधार घेऊन असे सुचवले की, साहित्यकृतीत अतिरिक्त असे जवळजवळ काही उरत नाही. जे नित्यभाषेत पुनरुक्ती ठरेल ते तेथे अर्थवाही होते. या म्हणण्याला झिपने बाध येत नाही, कारण झिप पुनरुक्ती नष्ट करीत नाही, तिची केवळ नोंद बदलते. चित्रांसाठी १९९२ पासून प्रमाणित झालेली जेपेग रीत याच्या उलट आहे. डोळ्याला जाणवणार नाही असे ती मानते ते ती कायमचे टाकून देते. जुन्या लघुनियतकालिकांची पाने जेपेगमध्ये उतरवून मूळ स्कॅन पुसणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. २०१३ साली तर असे उघडकीस आले की, काही कार्यालयीन छायाप्रत-यंत्रे जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या जागी एकच चिन्ह वापरीत होती, आणि त्यात ६ च्या ठिकाणी ८ छापला जात होता. व आणि ब, घ आणि ध यांची गल्लत करणाऱ्या पोथीच्या नकलकाराचाच हा यांत्रिक अवतार. फरक एवढाच की पोथीत हात थरथरलेला दिसतो. येथे चूक अतिशय सुबक असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. द्विरुक्त प्रत टाकून द्यावी, हा विचार संगणकाने आणलेला नाही. पाउल मास यांच्या १९२७ च्या पाठचिकित्साविषयक छोट्या ग्रंथात त्याचे काटेकोर रूप आढळते. जी प्रत केवळ उपलब्ध असलेल्या दुसऱ्या प्रतीवरून उतरवलेली आहे, ती पाठनिश्चितीच्या कामी निरुपयोगी समजून बाजूला काढावी. आपल्याकडे सुखटणकरांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी प्रतींची वंशावळ लावण्याचे जे प्रचंड काम आरंभले, आणि कत्रे यांनी १९४१ च्या आपल्या भारतीय पाठचिकित्सेच्या परिचयग्रंथात जी पद्धती मांडली, त्यांतही वंशसंबंध ठरवून साक्षींचे बलाबल लावण्याची हीच शिस्त आहे. परंतु मास यांच्या नियमाला एक पूर्वअट आहे, ती साफसफाईच्या वेळी विसरली जाते. कोणती प्रत कोणावरून उतरली, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. जॉर्जो पास्क्वाली यांनी १९३४ साली नेमका हाच आक्षेप घेतला, आणि उत्तरकालीन प्रत म्हणजे हीन प्रत असे समजू नये, असे बजावले. घरच्या संगणकात तर काळाचा क्रमच फसवा असतो. झिप हे वेष्टन आहे म्हणून ते नंतरचे, आणि उघडी फाइल हा गाभा म्हणून ती आधीची, असे मन समजते. प्रत्यक्षात १९९७ साली बांधलेल्या गठ्ठ्यातील फाइल २००८ मध्ये बाहेर काढली, उघडली, नव्या फाँटात पालटली आणि जतन केली, असा क्रम असतो. उघडी दिसते ती २००८ ची प्रत. १९९७ ची संहिता गठ्ठ्यातच आहे, आणि आपण पुसायला निघालो आहोत ती तीच.

'पालटली' हा शब्द वर सहज आला. मराठीच्या संदर्भात त्यात बरेच काही भरलेले आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला जागा मिळाली. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र पसरवले. परंतु छपाईच्या व्यवहारात राज्य चालले ते श्री-लिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या फाँटांचे आणि पेजमेकरचे. या फाँटांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर असे काही नव्हतेच. रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या जागी. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने न येता, दिसते तशी, व्यंजनाच्या आधी. प्रत्येक निर्मात्याची वाटणी निराळी. फाइलमध्ये जे साठवले गेले ते अक्षरांचे चित्र, आणि त्या चित्राची किल्ली होती तो फाँट. काही प्रणाली तर यंत्राला डाँगल जोडल्यावाचून चालत नसत. फाँट गेला की कवितेच्या जागी उरतो तो टक्केवारीच्या खुणा, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा चिखल.

अशा फायली युनिकोडमध्ये आणताना काय घडते, याचे एकच उदाहरण देतो. मराठीत रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र हे दोन भिन्न लेखनसंकेत आहेत, आणि त्यांच्यामुळे अर्थ बदलतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुकुल आणि स्वयंपाकघर यांचे अंतर आहे. 'दर्या' समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. जुन्या फाँटांत या दोन खुणांना स्वतंत्र जागा होत्या. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. आणि जे रूपांतरण-कोष्टक मराठी डोळ्यांपुढे न ठेवता केलेले असेल, त्यात ही खूण रफार होऊन बसू शकते किंवा गळूनही पडू शकते. मग ग्रामीण कथेतील आचारी आचार्य होतात, आणि पन्नास वर्षांनी एखादा चिकित्सक त्या ओळीत उपरोध शोधतो. त्याला खोडून काढणारा पुरावा जर कोठे असेल तर तो १९९७ च्या गठ्ठ्यात आहे. तेथे मूळ फाइल आहे; आणि मुद्रणालयाकडे पाठवताना चुकामूक होऊ नये म्हणून त्या काळी अनेकजण ज्या सावधपणे फाँटही बरोबर बांधून देत, त्या सावधपणामुळे कित्येकदा किल्लीही तेथेच आहे.

एवढ्यावरून झिपचे संपादकीय मूल्य कशात आहे ते स्पष्ट व्हावे. ते आतल्या फायलींच्या मजकुरात जितके आहे त्याहून अधिक त्यांच्या सहवासात आहे. कोणत्या कथेबरोबर कोणते पत्र, कोणता खर्डा, कोणती मुखपृष्ठाची चित्रे आणि कोणता फाँट एका दिवशी एकत्र बांधला गेला, ही माहिती गठ्ठा सोडला की विखुरते. अभिलेखशास्त्राने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले. म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तिघा डच अभिलेखपालांनी १८९८ च्या आपल्या नियमग्रंथात, कागद ज्या क्रमाने निर्माण झाले व ठेवले गेले तो क्रम मोडू नये, असे ठामपणे सांगितले. योगायोग असा की, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंडही १८९८ सालचाच. घरोघरची दप्तरे धुंडाळणाऱ्या राजवाड्यांना अभिलेखपालाचे सुख नव्हते. त्यांना क्रम मोडलेली, वारसांनी वाटून घेतलेली दप्तरे मिळाली, आणि त्यांच्या प्रस्तावनांचा फार मोठा भाग हा तुटलेला सहवास तर्काने पुन्हा जुळवण्यात खर्ची पडला आहे.

आपल्या दप्तरखान्यांत कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पोथी गुंडाळण्याच्या फडक्याला बासन. एखादी गोष्ट 'बासनात गुंडाळली' म्हणजे तिचा विचार सोडला, असा वाक्प्रचार आपण रूढ केला हे खरे, पण बासनात गुंडाळलेल्या पोथ्याच टिकल्या हेही तितकेच खरे. पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांमधून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड संपादित केले. त्या मालेच्या नावातच 'निवडलेले कागद' असे शब्द आहेत. निवडीवर पुढे कोणाला आक्षेप घ्यावासा वाटला तर तो घेता येतो, याचे कारण न निवडलेले कागद रुमालांत शिल्लक आहेत. संगणकावर निवड आणि निर्मूलन यांमधील ही जागाच नाहीशी होते. जे निवडले नाही ते पुसले जाते, आणि मग निवड तपासण्याचा मार्गही बंद होतो.

हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ साली अभिलेखपालाला कागद नष्ट करण्याचा अधिकारच नाकारला होता. तो अधिकार, द्यायचा तर, ज्या कार्यालयाने ते कागद निर्माण केले त्याला. १९५६ मध्ये शेलेनबर्ग यांनी अमेरिकन कारभाराच्या कागदांच्या डोंगरापुढे उभे राहून व्यवहारी भूमिका घेतली, आणि कागदाचे पुराव्याचे मूल्य व माहितीचे मूल्य असे भाग पाडून छाटणीचे शास्त्र मांडले. घरच्या संगणकावर हे दोघेही अपुरे पडतात. तेथे निर्माता, अभिलेखपाल आणि भावी संशोधकाचा प्रतिनिधी ही एकच व्यक्ती असते. शिवाय ती घाईत असते. देरिदा यांनी १९९४ च्या आपल्या लंडनच्या व्याख्यानात अभिलेखागार या कल्पनेच्या ग्रीक मुळाकडे लक्ष वेधले. जेथे दप्तर राहते ते मुळात अधिकाऱ्याचे घर होते, आणि कागद राखण्याचा अधिकार व त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या घरात एकत्र नांदत होते. घरच्या संगणकाने हे चक्र पूर्ण केले असे म्हणता येईल. मात्र त्या ग्रीक अधिकाऱ्याला आपण अधिकारी आहोत हे ठाऊक होते.

तेव्हा काय पुसावे? काहीच पुसू नये, हे उत्तर मला मान्य नाही. जागेचा प्रश्न आज उरलेला नाही हे खरे. फ्लॉपीच्या काळातील एखाद्या लेखकाचे सगळे गठ्ठे मिळून आजच्या एका चित्रपटाइतकी जागाही व्यापत नाहीत. पण अवधानाचा प्रश्न उरतोच. शेकडो निनावी गठ्ठ्यांत दडलेला एक मोलाचा गठ्ठा वारसाला सापडत नाही, आणि न सापडणारा माणूस शेवटी सगळेच पुसतो. म्हणून छाटणी ही करावीच लागते. फक्त ती आकार, तारीख आणि नाव यांच्या भरवशावर करू नये. ज्या गठ्ठ्यांत इतरांनी तयार केलेल्या व अन्यत्र मिळणाऱ्या वस्तू आहेत, म्हणजे छपाईयंत्रांचे चालक, आज्ञावलींच्या स्थापनेच्या फायली, उतरवून घेतलेले लेख, ते बिनदिक्कत जावेत. अपवाद जुन्या मराठी फाँटांचा. ते दुसऱ्याने केलेले असले तरी आपल्या संहितेची किल्ली आहेत. तसेच 'अंतिम', 'अंतिम नवे', 'अंतिम खरोखर' अशी उतरंड असेल तर केवळ शेवटचा गठ्ठा ठेवण्याचा मोह आवरावा. खर्ड्यांतील भेद हाच तर चिकित्सेचा कच्चा माल असतो, आणि कोणता खर्डा अंतिम हे लेखकाने ठरवलेले असले तरी मुद्रकाने कोणता छापला हे अनेकदा निराळे असते.

खऱ्या द्विरुक्ती ओळखण्याचे साधन झिपच्या रचनेतच आहे, आणि ते फारसे कोणी वापरीत नाही. झिपच्या अखेरीस एक अनुक्रमणिका असते. तीत प्रत्येक फाइलचे नाव, मूळ आकार, दाबलेला आकार, तारीख व वेळ, आणि मजकुरावरून गणिताने काढलेला एक पडताळा-अंक नोंदवलेला असतो. ही अनुक्रमणिका दाबलेली नसते. गठ्ठा न सोडता ती वाचता येते. दोन गठ्ठ्यांतील फायलींचे आकार आणि पडताळा-अंक जुळले तर त्या, व्यवहारतः निश्चितपणे, अक्षरशः एकच आहेत. एक स्वल्पविराम बदलला असेल तरी अंक जुळणार नाही. पाठ न वाचता पाठभेद आहे की नाही एवढे सांगणारे असे साधन सुखटणकरांच्या पिढीला मिळाले असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही. मात्र भेद कोणता, आणि त्यात सरस काय, हे अंक सांगत नाही. तेथे पुन्हा वाचणे आले.

राहिले परवलीच्या शब्दाने बंद केलेले गठ्ठे. झिपचे जुने कुलूप तकलादू आहे. आतल्या मजकुराचा थोडा भाग अन्य मार्गाने ठाऊक असेल तर ते उघडता येते, हे १९९४ मध्ये बिहाम आणि कोखर यांनी दाखवून दिले. म्हणजे वारसाने मनावर घेतले तर हे गठ्ठे पुष्कळदा उघडतील. उघडावेत काय? कुलूप ही लेखकाची इच्छा मानावी असे मला वाटते, आणि तरीही गठ्ठा पुसू नये असेही वाटते. पत्रव्यवहार काही काळ मोहोरबंद ठेवण्याची रीत ग्रंथालयांत आहे. तीच येथे लावता येईल. बंद गठ्ठ्याचीही अनुक्रमणिका जुन्या झिपमध्ये उघडीच असते. आत काय लिहिले आहे ते कळत नाही, पण कोणत्या वर्षी, कोणत्या नावाने, किती लिहिले ते कळते. चरित्रकाराला कधी कधी तेवढे पुरते.

आणि पुसायचे ठरलेच तर निदान ही अनुक्रमणिका उतरवून घ्यावी. शंभर गठ्ठ्यांच्या अनुक्रमणिकांनाही काही पाने पुरतात, आणि साध्या मजकुराच्या त्या फाइलला ना फाँट लागतो ना डाँगल. दप्तरखान्यात रुमालाला बांधलेली चिठ्ठी असते, तिच्यावर आतल्या कागदांचा गोषवारा असतो. रुमाल गहाळ झाला तरी चिठ्ठीवरून काय गहाळ झाले ते सांगता येते. छापून, तारीख घालून, खाली पुसणाऱ्याचे नाव लिहून ही पाने लेखकाच्या छापील पुस्तकांबरोबर ग्रंथालयात देता येतील.